एक वॉर्ड, एक मागणी, एक वर्ष: केनियात लोकसहभाग प्रत्यक्ष कसा उभा करायचा

मे महिन्यात केनियातल्या काउंटी असेंब्ल्या अंदाजपत्रकावर लोकसुनावण्या घेतात. (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग, असेंब्ली म्हणजे तिथली निवडून आलेली सभा.) हॉल भरतो. बाया उठून सांगतात, दवाखान्यात बाळंतपणाची खोली नाही. म्हातारे सांगतात, बोअरवेलचा पंप बंद पडलाय. अधिकारी सगळं लिहून घेतात. जुलैत नवं आर्थिक वर्ष लागतं आणि छापील अंदाजपत्रकात यातलं काहीच नसतं. लोक म्हणतात, फसवलं आम्हाला. कधी खरंच फसवलेलं असतं. पण पुष्कळदा गोष्ट वेगळी असते. ज्या यादीतून कामं निवडली जातात ती आदल्या सप्टेंबरातच तयार झालेली असते, आणि हे त्या हॉलमधल्या कुणालाही कोणी सांगितलेलं नसतं.

माझ्या लेखी नागरिक-शिक्षणाची सुरुवात इथून व्हायला हवी. हक्कांवरचं भाषण नंतर, आधी तारीख. राज्यघटनेतलं कलम तोंडपाठ असलेला माणूस चुकीच्या महिन्यात सभेला गेला तर रिकाम्या हातानं परततो. उलट, ज्या बाईला फक्त एवढं ठाऊक आहे की ऑगस्ट संपायच्या आत अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची, ती हळूहळू बाकीचं सगळं शिकते.

हा लेख तीन प्रकारच्या वाचकांसाठी आहे: केनियाचं नागरिकत्व घेतलेली मराठी आणि गोमंतकीय कुटुंबं, तिथं सामाजिक कामासाठी जाणारे तरुण, आणि आपल्याकडे ग्रामसभेत वर्षं घालवलेले कार्यकर्ते, ज्यांना दुसऱ्या देशात हेच काम कसं चालतं ते बघायचंय. आपला आणि या देशाचा संबंध जुना आहे. मूळ गोव्याच्या कुटुंबातले, 1927 साली नैरोबीत जन्मलेले पिओ गामा पिंटो भारतात शिकले, गोवामुक्तीसाठी झटले, पुढं केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यात उतरून ब्रिटिशांच्या स्थानबद्धतेत राहिले, आणि 24 फेब्रुवारी 1965 रोजी स्वतंत्र केनियात त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. 2017 मध्ये केनिया सरकारनं आशियाई वंशाच्या नागरिकांना देशाची 44वी जमात म्हणून मान्यता दिली. बाहेरचे म्हणून कडेला उभं राहण्याचं कारण आता उरलेलं नाही.

थोडी पार्श्वभूमी

डिसेंबर 2007 च्या निवडणुकीनंतर उसळलेल्या हिंसाचारात 1,100 हून अधिक माणसं मारली गेली आणि लाखो लोकांना घरदार सोडावं लागलं. त्या आघातातून 2010 ची राज्यघटना आली. 4 ऑगस्टला सार्वमत झालं, 27 ऑगस्टला ती लागू झाली. पहिल्याच कलमात लिहिलंय की सगळी सार्वभौम सत्ता लोकांची आहे. पण माझ्या मते खरा बदल पैशांच्या वाटेत झाला. देशाचे 47 काउंट्यांत भाग पडले, काउंट्यांखाली 1,450 वॉर्ड आले, आणि राष्ट्रीय महसुलातला किमान 15 टक्के वाटा काउंट्यांना देणं घटनेनंच बंधनकारक केलं. सार्वजनिक पैशांच्या व्यवहारात लोकसहभाग हवा, असंही कलम 201 मध्ये स्पष्ट आहे. म्हणजे सभा घेणं ही गव्हर्नरची, म्हणजे काउंटीच्या निवडून आलेल्या प्रमुखाची, मेहेरबानी नाही.

पहिली पायरी: नवी संघटना काढू नका, चामात जा

केनियात चामा गावोगाव आहेत. चामा म्हणजे आपला बचतगट: ठरलेल्या दिवशी जमणं, ठरलेली रक्कम टाकणं, आळीपाळीनं किंवा कर्जानं वाटणं. या बायांना हिशेब येतो, हजेरी येते, खोटं बोलणाऱ्याला उभं करून विचारणंही येतं. नागरिक-शिक्षणाला लागणारी अर्धी कौशल्यं तिथं आधीपासून आहेत. त्यामुळे वेगळी कार्यशाळा भरवण्यापेक्षा चामाच्या बैठकीतली वीस मिनिटं मागून घ्या.

त्यातून आठ-दहा जणांचा गट उभा करा. चामातल्या दोघी-तिघी, बोडाबोडाच्या थांब्यावरचा एखादा मोटारसायकलवाला (वॉर्डातला प्रत्येक खड्डा त्याला माहीत असतो), चर्च किंवा मशिदीतलं एखादं विश्वासाचं माणूस, एक अपंग व्यक्ती, एक नुकतं अठरा झालेलं पोर. पक्षाचं तिकीट मागणारा कोणी नको. तो मनानं कितीही चांगला असला, तरी त्याच्यामुळं गटाचा प्रत्येक कागद प्रचाराचा कागद ठरतो.

पैशांचं पहिल्याच दिवशी बोलून टाका. सभेला येण्याबद्दल भत्ता द्यायची सवय अनेक संस्थांनी लावून ठेवली आहे, आणि ज्या दिवशी भत्ता थांबतो त्या दिवशी सहभागही थांबतो. चहा द्या, लांबून चालत येणाऱ्या म्हातारीचं प्रवासभाडं द्या, पण हजेरीची किंमत ठरवू नका.

मराठी वाचकांनी एक ध्यानात ठेवावं. केनियाचं नागरिकत्व नसेल, कामाच्या परवान्यावर राहत असाल, तर सभेसाठी जागा द्या, छपाईला मदत करा, हिशेब शिकवा. अर्ज, मागणी आणि सही मात्र नागरिकांचीच हवी.

दुसरी पायरी: हे काम कोणाचं?

सगळ्यात जास्त वेळ इथं घालवा. बहुतेक तक्रारी चुकीच्या दारात जाऊन मरतात.

घटनेच्या चौथ्या परिशिष्टात कामांची वाटणी दिली आहे. काउंटीकडे दवाखाने आणि काउंटी रुग्णालयं, शेती, काउंटीचे रस्ते, पाणीपुरवठा, बाजार आणि बालवाड्या. राष्ट्रीय सरकारकडे पोलीस, प्राथमिक व माध्यमिक शाळा, विद्यापीठं, राष्ट्रीय महामार्ग. म्हणजे एकाच आवारात शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन खोल्यांपैकी बालवाडीची खोली काउंटीची आणि पहिलीच्या वर्गाची खोली राष्ट्रीय सरकारची. पहिलीच्या वर्गाचं छत गळतंय म्हणून काउंटीच्या सभेत कितीही घसा ताणला तरी तो खर्च तिथं बसत नाही. त्यासाठी अनेक ठिकाणी मतदारसंघ विकास निधीकडे, म्हणजे खासदाराच्या बाजूला, जावं लागतं. तो निधी 2003 पासून आहे आणि त्याच्या घटनात्मकतेवर न्यायालयात वाद झालेले आहेत.

शिकवण्याची एक सोपी रीत सांगतो. दोन टोपल्या ठेवा. चिठ्ठ्यांवर वॉर्डातल्या खऱ्या अडचणी लिहून घ्या, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्र काढा. प्रत्येकानं उठून चिठ्ठी एका टोपलीत टाकायची आणि का ते सांगायचं. चुकीची पडली तर लगेच दुरुस्त करू नका. भांडू द्या. रस्त्यावरून नक्कीच वाद होईल, कारण रस्ता काउंटीचा की राष्ट्रीय हे पाहून कळत नाही, ते विचारूनच घ्यावं लागतं.

माणसांचंही तसंच. चीफ, म्हणजे स्थानिक भागाचा प्रशासकीय अधिकारी, आणि त्याचा सहायक हे राष्ट्रीय सरकारचे नोकर. बराझा, म्हणजे गावसभा, बोलावण्याची वसाहतकाळापासूनची परंपरा त्यांची, म्हणून लोकांना वाटतं सगळं तिथंच ठरतं. वॉर्ड प्रशासक मात्र काउंटीचा नोकर. आणि एमसीए, म्हणजे काउंटी असेंब्लीतला वॉर्डाचा निवडून आलेला सदस्य, हा तिसराच. कायदे आणि अंदाजपत्रक मंजूर करणं, गव्हर्नरच्या कारभारावर नजर ठेवणं हे त्याचं काम. त्यानं लग्नात किती वर्गणी दिली यावरून त्याला जोखायची सवय पडली आहे. ती एका सभेत मोडत नाही, पण त्यानं असेंब्लीत आपल्या वॉर्डाबद्दल काय मांडलं, हा प्रश्न विचारायला सुरुवात करता येते.

तिसरी पायरी: भिंतीवर वर्ष टांगा

आर्थिक वर्ष 1 जुलै ते 30 जून. 2012 च्या सार्वजनिक वित्त व्यवस्थापन कायद्यानं काउंटीला तारखा घालून दिल्या आहेत. एका मोठ्या कागदावर बारा महिने काढा आणि या तारखा लाल शाईनं भरा.

30 ऑगस्टपर्यंत काउंटीच्या वित्त विभागाचं परिपत्रक निघतं, त्यात लोकसहभाग कधी आणि कसा होणार हे असायला हवं. 1 सप्टेंबरपर्यंत वार्षिक विकास आराखडा असेंब्लीपुढं जातो. 28 फेब्रुवारीपर्यंत वित्तीय धोरणाचं निवेदन येतं, ज्यात आरोग्याला किती, पाण्याला किती अशा मर्यादा ठरतात. 30 एप्रिलपर्यंत प्रत्यक्ष अंदाजपत्रक सादर होतं. 30 जूनपर्यंत मंजुरी.

यातला सगळ्यात दुर्लक्षित कागद म्हणजे सप्टेंबरचा विकास आराखडा, आणि गावासाठी सगळ्यात मोलाचा तोच. काम त्यात नसेल तर मे महिन्यात ते घुसवणं फार अवघड. आराखडा पुढच्या जुलैत सुरू होणाऱ्या वर्षासाठी असतो, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये मागितलेल्या कामाला पैसे मिळायला सुरुवात होईल ती जवळजवळ एका वर्षानं. हे लोकांना आधीच सांगा. सहा महिन्यांनी येऊन ‘काय झालं’ विचारणारे निराश होऊन गट सोडतात, आणि दोष त्यांचा नसतो.

फेब्रुवारीत काम वेगळं. तिथं एखाद्या पंपाबद्दल बोलून उपयोग नाही, तिथं बोलायचं ते ‘पाण्याचा एकूण वाटा का घटला’ यावर. गटातल्या हिशेबी दोघांनी हा कागद वाचला तरी पुरे. या सगळ्यावर पाच वर्षांचा एकात्मिक विकास आराखडा असतो. चालू आराखडा 2023 ते 2027 चा. पुढची सार्वत्रिक निवडणूक घटनेप्रमाणे ऑगस्टच्या दुसऱ्या मंगळवारी, म्हणजे 10 ऑगस्ट 2027 ला येते. त्यानंतर नव्या पंचवार्षिकाच्या बैठका होतील. त्या बैठकांना वॉर्डातून रिकाम्या हातानं जाऊ नका.

चौथी पायरी: कागद मागा

घटनेच्या कलम 35 नं नागरिकाला सरकारकडची माहिती मागण्याचा हक्क दिला आणि 2016 च्या कायद्यानं त्याची रीत ठरवली. आपल्या माहिती अधिकारासारखंच आहे, फक्त मुदत 21 दिवसांची. जीव किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर 48 तास. कारण सांगावं लागत नाही. अर्ज इंग्रजीत किंवा स्वाहिलीत करायचा. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलं अधिकाऱ्यानं लिहून घ्यायचं असतं. उत्तर आलं नाही तर प्रशासकीय न्याय आयोगाकडे, म्हणजे तिथल्या लोकपालाकडे, जाता येतं.

अर्जाचा मजकूर साधारण असा ठेवा:

‘राज्यघटनेचं कलम 35 आणि 2016 चा माहिती कायदा यांनुसार मी केनियाचा नागरिक या नात्यानं पुढील माहिती मागतो. 1) चालू आर्थिक वर्षात आमच्या वॉर्डासाठी मंजूर झालेल्या कामांची यादी, प्रत्येक कामाची ठिकाणासह रक्कम. 2) त्यातल्या प्रत्येक कामाचा ठेकेदार आणि आजवर दिलेलं बिल. 3) मागच्या लोकसहभागाच्या बैठकीचं इतिवृत्त आणि मांडलेल्या मागण्यांवर झालेला निर्णय.’

एवढंच. वॉर्डाचं नाव ठळक लिहा. ‘काउंटीचा सगळा हिशेब द्या’ असा अर्ज केलात तर सातशे पानं मिळतील किंवा काहीच मिळणार नाही. दोन प्रती न्या, एकीवर तारीख आणि शिक्का मारून घ्या. काउंटीच्या संकेतस्थळावर आणि अंदाजपत्रक नियंत्रकांच्या तिमाही अहवालांतही बरंच सापडतं, तेही बघून ठेवा.

पाचवी पायरी: मागणी घडवणं

इथं मकुएनी काउंटीकडे बघावं. नैरोबीच्या आग्नेयेला, कांबा लोकांचा कोरडा प्रदेश, वोटे हे मुख्य ठिकाण. सुरुवातीच्या वर्षांत तिथं गव्हर्नर आणि असेंब्लीचं इतकं बिनसलं होतं की काउंटीच बरखास्त करण्याची मागणी झाली. त्याच काउंटीत, कायद्याचे प्राध्यापक असलेल्या किवुथा किब्वाना यांच्या 2013 ते 2022 च्या कारकिर्दीत, सहभागाची एक शिडी उभी राहिली. आधी गाव, मग गावांचा समूह, मग उपवॉर्ड, वॉर्ड, उपकाउंटी आणि शेवटी काउंटीची लोकपरिषद. प्रत्येक पायरीवर लोक आपले प्रतिनिधी निवडून वर पाठवतात. काम सुरू झालं की गावातल्याच लोकांची प्रकल्प समिती देखरेख करते आणि ठेकेदाराचं बिल निघण्याआधी तिची सही लागते. मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही सही. बोलायला मिळणं एक, आणि आपल्या सहीवाचून पैसे न सुटणं दुसरं.

तुमच्या काउंटीत अशी शिडी नसेल तर वॉर्डापुरती छोटी आवृत्ती करा. दोन-तीन वस्त्यांत वेगवेगळ्या बैठका घ्या. बाया आणि पुरुष आधी वेगळे बसू द्या, कारण एकत्र बसले की रस्ता जिंकतो आणि पाणी हरतं. बैठक पाणी भरण्याच्या किंवा बाजाराच्या वेळी ठेवू नका. मागण्यांची चित्रं जमिनीवर मांडून प्रत्येकाच्या हातात तीन-तीन राजम्याचे दाणे द्या, हव्या त्या चित्रावर ठेवायला सांगा. मोजणी सगळ्यांसमोर करा.

मग निवडून आलेल्या पहिल्या एक-दोन मागण्यांचा प्रत्येकी एका पानाचा कागद करा. समजा, दवाखान्यात बाळंतपणाची खोली हवी आहे. त्या पानावर किती कुटुंबांना उपयोग, सध्या बाईला किती लांब जावं लागतं, पंचवार्षिक आराखड्यात हे काम कोणत्या पानावर आहे, आणि खोली झाल्यावर नर्स, वीज, पाणी कुठून येणार हे हवं. शेवटचा प्रश्न टाळू नका, नाहीतर कुलूपबंद इमारत उभी राहते. आणि जमीन! जागा सार्वजनिक आहे का, कागद कुणाच्या नावावर आहेत, हे आधीच तपासा. ‘माझ्या आजोबांनी तोंडी दिली होती’ यावर काउंटी बांधकाम करत नाही, आणि केलं तर नातू खटला घालतो.

सहावी पायरी: सभेत

बोलणारा एकच ठरवा, तीन मिनिटांचं बोलणं घड्याळ लावून बसवा, शक्यतो स्वाहिलीत किंवा तिथल्या मातृभाषेत. लेखी निवेदन दोन प्रतींत द्या आणि पोच घ्या. हजेरीच्या वहीत गटातल्या प्रत्येकाचं नाव चढलं की नाही बघा. आणि नवी मागणी मांडण्याआधी मागच्या वर्षीच्या यादीचं काय झालं हे विचारा. या एका प्रश्नानं सभेचा सूर पालटतो.

सभाच नीट भरवली नाही तर? 2014 साली उच्च न्यायालयानं कियाम्बू काउंटीचा 2013 चा वित्त कायदा लोकसहभागाअभावी रद्द केला. सहभाग दिखाऊ नको, खरा हवा, असं सांगताना न्यायालयानं चर्च, मशिदी, देवळं, बराझा आणि स्थानिक भाषांतले रेडिओ अशी सगळी ठिकाणं वापरून लोकांपर्यंत पोहोचा असं म्हटलं. देवळांचा उल्लेख आहे, आपल्या मंडळींनी तो मनावर घ्यावा. मंदिराच्या सभागृहाबाहेर काउंटीच्या सभेची नोटीस लावणं हे कुणाच्याही परवानगीशिवाय उद्या करता येईल असं काम आहे.

न्यायालयं दरवेळी साथ देतील असं धरू नका. 2023 चा वित्त कायदा अपील न्यायालयानं 31 जुलै 2024 ला घटनाबाह्य ठरवला, आणि 29 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. खटला हा शेवटचा रस्ता. त्याआधी काउंटी सरकार कायदा, 2012 खाली असेंब्लीकडे लेखी याचिका देता येते, ती आधी द्या.

तरुण पोरांबद्दल

जून 2024 मध्ये वित्त विधेयकाविरुद्ध जे तरुण रस्त्यावर आले, त्यांना राजकारणात रस नाही असं त्याआधी सगळे म्हणत होते. त्यांच्यातल्या स्वयंसेवकांनी विधेयक आपापल्या भाषांत उलगडून सांगितलं, छोटे व्हिडिओ केले, ब्रेड आणि मोबाइलवरून पैसे पाठवण्यावर किती कर बसेल ते समजावलं. 25 जूनला आंदोलक संसदेत शिरले, गोळीबार झाला, माणसं गेली. 26 जूनला राष्ट्राध्यक्ष रुटो यांनी विधेयकावर सही न करण्याचं जाहीर केलं. त्या मुलांनी किंमत मोजलेली आहे, म्हणून त्यांच्याकडे ‘स्वयंसेवक’ म्हणून खुर्च्या उचलायचं काम देऊ नका. अंदाजपत्रक वाचायला द्या, वॉर्डाच्या पानाचं चित्रफितीत रूपांतर करायला द्या. मोर्चा काढायचाच असेल तर कलम 37 शांततापूर्ण निदर्शनाचा हक्क देतं. पोलिसांना किमान तीन दिवस आधी कळवायचं असतं. ती सूचना असते, परवानगी नव्हे. तरीही अंगावर बेतू शकतं हे त्यांच्यापासून लपवू नका, आणि अल्पवयीनांना नेऊ नका.

मतदार नोंदणी यातच बसवून टाका. मतदानाच्या दिवशी हातात सहा मतपत्रिका येतात: राष्ट्राध्यक्ष, गव्हर्नर, सिनेटर, खासदार, महिला प्रतिनिधी, एमसीए. नमुना मतपत्रिका करून त्या प्रत्येकीचं काम काय ते दुसऱ्या पायरीतल्या टोपल्यांशी जोडून शिकवा. मतमोजणीनंतर केंद्रावर लागणारा फॉर्म 34ए, म्हणजे त्या केंद्रावरचा राष्ट्राध्यक्षपदाचा निकाल, कसा वाचायचा तेही दाखवा. 2022 मध्ये निवडणूक आयोगानं हे फॉर्म सगळ्यांसाठी खुले ठेवले होते आणि कुणालाही बेरीज करून बघता येत होती.

सातवी पायरी: पैसे सुटल्यावर

काम मंजूर झालं की गट ढेपाळतो. नेमकं तेव्हाच दर तिमाहीला तीन गोष्टी बघायच्या: जागेवर फलक लागला का आणि त्यावरची रक्कम मंजूर रकमेशी जुळते का, काम किती झालं, याचा तारखेसह फोटो, आणि तिमाही अहवालात त्या कामावर किती खर्च दाखवलाय. तिन्हींत फरक दिसला तर आधी वॉर्ड प्रशासकाला लेखी विचारा, मग एमसीएला, मग असेंब्लीच्या समितीला. आरोप करू नका, आकडा विचारा. महालेखापरीक्षकांचा अहवाल आला की आपल्या कामाचा उल्लेख त्यात आहे का तेही शोधा.

आणि फाइल. अर्ज, पोच, दाण्यांच्या मोजणीचा कागद, फोटो, मिळालेली उत्तरं, सगळं एकत्र. एमसीए बदलतात, वॉर्ड प्रशासकांच्या बदल्या होतात, गटातली पोरं नोकरीसाठी नैरोबीला जातात. फाइल एका माणसाच्या घरी ठेवू नका. पुष्कळ बचतगटांकडे तीन कुलपांची लोखंडी पेटी असते, तीन किल्ल्या तिघींकडे. पैशांच्या वहीखाली तिथंच जागा करून घ्या आणि जुलैच्या पहिल्या बैठकीत ती फाइल बाहेर काढायचं आताच ठरवून ठेवा.